लूशानच्या दोन सहली आणि बौद्ध मित्रसंघ

चीनमध्ये १ मे १९९५ पासून पाच दिवसांच्या कामाचा आठवडा सुरू झाला आणि नोकरदार वर्गास शनिवार-रविवार अशी सलग दोन दिवसांची सुट्टी मिळू लागली. मित्रांनी एकत्र जमून एखाद्या निसर्गरम्य पर्वतावर जावे, रात्र तेथेच काढावी, पहाटे ढगांच्या थरातून वर येणारा सूर्य पाहावा आणि सोमवारी पुन्हा कामावर हजर व्हावे, हा आता तेथील नागर जीवनाचा परिपाठ झाला आहे. या प्रवाशांच्या वाटेवर ठिकठिकाणी बुद्धविहार लागतात. अनेकांना ते विहार म्हणजे पर्वतशोभेस जोडलेले एक भूषण वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. चार मित्रांनी मिळून पर्वतावर जावे, तेथील शोभा पाहून अंतर्मुख व्हावे आणि परतल्यावर ते लिहून ठेवावे, ही जी चिनी परंपरा आहे, तिच्या जडणघडणीत बौद्ध भिक्खू व उपासक यांचा वाटा फार मोठा आहे. प्रस्तुत लेखात आम्ही लूशान या एकाच पर्वताच्या आधारे ही गोष्ट स्पष्ट करू इच्छितो.

पर्वत आणि विहार

चिनी भाषेत विहार आणि पर्वत यांचे नाते शब्दांतच मुरलेले आहे. विहाराची स्थापना करणे यास तेथे 'पर्वत उघडणे' असे म्हणतात. विहाराच्या महाद्वारास 'पर्वतद्वार' ही संज्ञा आहे. विहार सपाट मैदानात वा भर शहरात असला तरी त्याचे द्वार 'पर्वतद्वार'च असते. यात्रेस जाणे यास 'पर्वताच्या दर्शनास जाणे' अशा अर्थाचा शब्द आहे. वूताई, एमेई, पुतुओ आणि ज्युह्वा हे चार पर्वत अनुक्रमे मंजुश्री, समंतभद्र, अवलोकितेश्वर व क्षितिगर्भ या बोधिसत्त्वांशी जोडले गेले असून तेथे शतकानुशतके यात्रा भरत आली आहे.

लूशानचा समावेश या चार पर्वतांत होत नाही. तेथे कोणत्याही बोधिसत्त्वाचे अधिष्ठान मानले गेलेले नाही. म्हणूनच आम्हांस तो अधिक अभ्यसनीय वाटतो. लूशानचे महत्त्व चमत्कारकथेवर उभे नसून तेथे राहिलेल्या, हिंडलेल्या आणि विचार केलेल्या माणसांवर उभे आहे.

हा पर्वत जिआंगशी प्रांताच्या उत्तर भागात आहे. त्याच्या उत्तरेस यांगत्से नदी वाहते आणि पूर्वेच्या अंगास पोयांग हे चीनमधील गोड्या पाण्याचे सर्वांत मोठे सरोवर पसरले आहे. सर्वोच्च शिखराची उंची १,४७४ मीटर आहे. नदी आणि सरोवर यांच्या सान्निध्यामुळे पर्वतावर बाष्प भरपूर असते. कडे आणि दऱ्या बराच काळ धुक्याने वेढलेल्या असतात. पायथ्याशी उन्हाळा सुरू झाला तरी माथ्यावर गारवा टिकून राहतो. १९९६ साली युनेस्कोने या पर्वताची नोंद जागतिक वारशाच्या यादीत केली, तीही केवळ निसर्गस्थळ म्हणून नव्हे, तर सांस्कृतिक भूदृश्य म्हणून.

आचार्य हुइयुआन यांचे आगमन

लूशानच्या बौद्ध इतिहासाचे मुख्य पुरुष म्हणजे आचार्य हुइयुआन (इ.स. ३३४ ते ४१६). उत्तर चीनमधील यानमन भागात त्यांचा जन्म झाला. तरुणपणी त्यांनी कन्फ्यूशियसपंथी ग्रंथांचे आणि लाओत्से-च्वांगत्से यांच्या विचारांचे सखोल अध्ययन केले. पुढे दाओआन या थोर भिक्खूंचे प्रज्ञापारमितेवरील विवेचन ऐकून त्यांनी प्रव्रज्या घेतली. राजकीय उलथापालथीमुळे गुरुशिष्यांची ताटातूट झाली तेव्हा हुइयुआन दक्षिणेकडील लोफू पर्वताकडे निघाले होते. वाटेत त्यांना लूशान दिसला, त्याची शांतता त्यांना ध्यानास अनुकूल वाटली आणि ते तेथेच राहिले. त्यांचे गुरुबंधू हुइयोंग आधीपासून तेथील शीलिन, म्हणजे पश्चिमवन, विहारात राहत होते. त्यांच्या प्रयत्नाने स्थानिक शासकाचे साहाय्य मिळून दोंगलिन, म्हणजे पूर्ववन, विहार उभा राहिला. त्यानंतर सुमारे तीस वर्षे, मृत्यूपर्यंत, हुइयुआन यांनी पर्वत सोडला नाही.

ते पर्वत सोडून गेले नाहीत, पण जग त्यांच्याकडे येत राहिले. काश्मीरहून आलेले संघदेव यांनी इ.स. ३९१ मध्ये लूशानवर अभिधर्मग्रंथाचे भाषांतर केले. चांगआनमधून बहिष्कृत होऊन आलेले भारतीय ध्यानाचार्य बुद्धभद्र यांना हुइयुआन यांनी आश्रय दिला आणि त्यांच्याकडून ध्यानविषयक सूत्र भाषांतरित करून घेतले. कुमारजीव यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार आजही उपलब्ध आहे. गृहस्थ विद्वान, चित्रकार आणि कवी यांचाही ओघ लूशानकडे होता. निसर्गचित्राच्या तत्त्वांवर निबंध लिहिणारे चित्रकार झोंग बिंग (३७५ ते ४४३) हे त्यांचेच उपासक. वृद्धापकाळी पर्वतावर जाणे अशक्य झाले तेव्हा त्यांनी आयुष्यभर पाहिलेले पर्वत घराच्या भिंतींवर रंगविले आणि पडल्या पडल्या त्यांत फिरण्याचा आनंद घेतला, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे.

पहिली सहल : इ.स. ४००

इ.स. ४०० च्या वसंत ऋतूत हुइयुआन यांनी लूशानवरील 'शिलाद्वार' नावाच्या स्थळाची सहल केली. हे स्थळ विहाराच्या दक्षिणेस दहा लींहून थोडे अधिक अंतरावर होते. म्हणजे आजच्या मापाने पाच किलोमीटरच्या आसपास. त्यांच्यासोबत तीसहून अधिक मित्र व शिष्य होते. सहलीनंतर त्यांनी कविता रचल्या आणि त्यांस गद्य प्रस्तावना जोडली. ती 'लूशानवरील साधकां'च्या नावे आहे. कोणा एका लेखकाचे नाव तिच्यावर नाही. चिनी साहित्यातील गिरिवर्णनाच्या अगदी आरंभीच्या लेखनात तिची गणना होते.

या प्रस्तावनेत चढणीचे वर्णन अगदी प्रत्यक्षदर्शी आहे. मंडळी पहाटे निघाली. वाट नव्हती तेथे त्यांनी ती काढली. वृक्षांना आणि वेलींना धरून, वानरांप्रमाणे हात पुढे करून एकमेकांना वर ओढत ती कड्याच्या टोकाशी पोहोचली. त्या वेळी हुइयुआन यांचे वय ६६ वर्षांचे होते. वर पोहोचल्यावर त्यांनी खालच्या दऱ्या, झरे, शिळा आणि क्षणोक्षणी आकार बदलणारे धुके न्याहाळले.

यापुढील भाग बौद्ध वाचकाने विशेष लक्षपूर्वक वाचावा असा आहे. या आनंदाचे कारण काय, असा प्रश्न ते स्वतःलाच विचारतात. दगड आणि पाणी यांत आनंद साठविलेला नसतो. मग तो येतो कोठून? बाह्य शांततेमुळे चित्त निवळते, निवळलेल्या चित्ताला वस्तू जशी आहे तशी दिसते आणि त्या दिसण्यात आनंद आहे, अशा आशयाचे उत्तर ते शोधतात. पर्वताची पूजा त्यांनी केली नाही, पर्वतदेवतेस नवसही केला नाही. पर्वताच्या निमित्ताने त्यांनी स्वतःच्या चित्ताचे परीक्षण केले. सूर्य कलू लागला तेव्हा अनित्यतेची जाणीव झाली आणि त्यांचे मन भारतातील राजगृहाच्या गृध्रकूट पर्वताकडे वळले. भगवंतांनी जेथे उपदेश केला तो गृध्रकूट फार दूर आहे आणि काळाच्या ओघात आणखी दूर जात आहे, ही खंत त्या प्रस्तावनेत स्पष्ट उमटली आहे.

येथे इतिहासातील एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. शिलाद्वाराच्या या सहलीच्या केवळ एक वर्ष आधी, म्हणजे इ.स. ३९९ मध्ये, फाहियान काही भिक्खू मित्रांसह चांगआनहून भारताकडे निघाले होते. विनयाचे ग्रंथ चीनमध्ये अपुरे आहेत म्हणून ते मिळविण्यासाठी हा प्रवास होता. तो मित्रसंघ वाटेत विखुरला. एक सहकारी बर्फाच्छादित पर्वतात मृत्यू पावला, दाओचंग नावाचे सहकारी भारतातच राहिले. फाहियान राजगृहास पोहोचले, गृध्रकूटावर गेले, तेथे त्यांचे डोळे भरून आले आणि सूत्रपठण करीत त्यांनी ती रात्र तेथेच काढली. परतल्यावर त्यांनी बुद्धभद्र यांच्या सहकार्याने महासांघिक विनयाचे भाषांतर केले. हेच बुद्धभद्र त्यापूर्वी लूशानवर हुइयुआन यांच्या आश्रयास होते. लूशानच्या कड्यावर व्यक्त झालेली खंत आणि फाहियान यांची पायपीट यांचा मिलाफ शेवटी असा एका ग्रंथाच्या कामात झाला.

राजापुढे न वाकणारा संघ

निसर्गरम्य पर्वतावर राहणारे हुइयुआन जगाकडे पाठ फिरवून बसले होते काय? तसे म्हणता येत नाही. भिक्खूंनी राजापुढे साष्टांग वंदन केले पाहिजे, हा प्रश्न चीनच्या दरबारात इ.स. ३४० मध्ये एकदा उपस्थित झाला होता. सत्ता बळकावू पाहणाऱ्या ह्वान श्वान या सेनानीने इ.स. ४०२ च्या सुमारास तो पुन्हा उपस्थित केला आणि हुइयुआन यांचे मत मागविले. हुइयुआन यांनी निर्भयपणे विरोध नोंदविला आणि इ.स. ४०४ मध्ये 'श्रमण राजास वंदन करीत नाही' या विषयावर पाच प्रकरणांचा निबंध लिहिला. गृहस्थ उपासकाने राज्याचे नियम व कुटुंबातील कर्तव्ये पाळावीत. परंतु ज्याने घर, संपत्ती आणि लौकिक मानसन्मान यांचा त्याग केला आहे, तो राजाच्या कृपेचा याचक उरत नाही, म्हणून त्याने राजापुढे वाकण्याचे कारण नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. ह्वान श्वानने स्वतः सिंहासनावर बसताच ही सक्ती मागे घेतली.

हुइयुआन यांच्या भूमिकेची मर्यादाही आम्ही सांगितली पाहिजे. त्यांनी स्वातंत्र्य मागितले ते संघासाठी; सर्व प्रजेसाठी नव्हे. परंतु ज्या समाजात सम्राट हा स्वर्गपुत्र मानला जात होता, तेथे त्याच्यापुढे न वाकणारा एक समूह असू शकतो, हे तर्काने सिद्ध करून दाखविणे ही लहान गोष्ट नव्हती.

आख्यायिका आणि इतिहास

लूशानला जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशास 'व्याघ्रओढ्या'ची गोष्ट सांगितली जाते. हुइयुआन पाहुण्यांना निरोप देताना हा ओढा कधी ओलांडीत नसत. एकदा कवी ताओ युआनमिंग आणि ताओपंथी लू श्युजिंग यांच्याशी बोलण्यात ते इतके रंगले की ओढा नकळत ओलांडला गेला, वाघाने डरकाळी फोडली आणि तिघेही खळखळून हसले, अशी ती कथा आहे. चिनी चित्रकारांनी हा प्रसंग वारंवार रंगविला आहे. परंतु लू श्युजिंग यांचा जन्म इ.स. ४०६ चा. हुइयुआन मृत्यू पावले तेव्हा ते अवघ्या दहा वर्षांचे होते. तेव्हा हा प्रसंग घडलेला असणे शक्य नाही. तीन विचारधारांच्या माणसांनी एकत्र हसावे, ही पुढच्या काळाची इच्छा या कथेत व्यक्त झाली आहे. इच्छा म्हणून तिचे मोल आहेच. इतिहास म्हणून ती स्वीकारता येणार नाही. इ.स. ४०२ मध्ये हुइयुआन आणि १२३ भिक्खू व उपासक यांनी अमिताभ बुद्धाच्या मूर्तीसमोर संकल्प केला, ही घटना मात्र ऐतिहासिक आहे; त्या मंडळास 'श्वेतकमल संघ' हे नाव पुढील काळात मिळाले.

दुसरी सहल : इ.स. ८१७

चार शतकांनंतर लूशानवर आणखी एक सहल निघाली. तिचे नेतृत्व थांग काळातील थोर कवी बाइ ज्युयी (७७२ ते ८४६) यांच्याकडे होते. गरीब कोळसेविक्याची, करभाराने पिचलेल्या शेतकऱ्याची दुःखे कवितेत मांडणारा हा कवी सरकारी अधिकारी होता. इ.स. ८१५ मध्ये प्रधान वू युआनहंग यांची राजधानीत भर रस्त्यावर हत्या झाली. मारेकऱ्यांना तातडीने पकडावे, असा अर्ज बाइ ज्युयी यांनी बादशहाकडे केला. अधिकार नसताना बोलल्याचा ठपका ठेवून त्यांना ज्यांगचौ, म्हणजे लूशानच्या पायथ्याशी असलेले आजचे ज्युज्यांग, येथे दुय्यम पदावर पाठविण्यात आले.

तेथे त्यांनी लूशानच्या उतारावर एक गवताने शाकारलेली कुटी बांधली. लाकडास रंग नाही, भिंतीस सफेदा नाही. आत चार लाकडी बाकडी, दोन साधे पडदे, एक तंतुवाद्य आणि कन्फ्यूशियस, ताओ व बौद्ध मतांचे दोन-तीन ग्रंथ. कुटीच्या उद्घाटनास गृहस्थ मित्र आणि भिक्खू मिळून २२ जण जमले होते आणि सर्वांना शाकाहारी भोजन, चहा व फळे देण्यात आली. त्याविषयीच्या लेखावर चौथ्या महिन्याच्या नवमीची तारीख आहे. चिनी परंपरेनुसार चौथ्या महिन्याची अष्टमी ही बुद्धजयंती होय. म्हणजे ही तारीख तिच्या दुसऱ्या दिवसाची.

पर्वतमाथ्यावरील दालिन विहाराच्या सहलीची टिपणीही बाइ ज्युयी यांनी याच तारखेने लिहिली आहे. सहलीस एकूण १७ जण होते : सहा गृहस्थ, दोंगलिन विहाराचे दहा भिक्खू आणि स्वतः कवी. सर्वांची नावे टिपणीत आहेत आणि सहप्रवाशांच्या नावांस सरकारी हुद्दे जोडलेले नाहीत. कुटीपासून निघून दोंगलिन व शीलिन विहार पाहत, धूपपात्र शिखर चढून त्यांनी दालिन विहारात मुक्काम केला. आजच्या भाषेत जिला दोन दिवसांची सहल म्हणतात, तीच ही. विहाराची घरे फळ्यांची होती, भांडी लाकडाची होती आणि तेथील भिक्खू समुद्रापलीकडून, म्हणजे बहुधा कोरियाकडून, आलेले होते. खाली वसंत सरला असताना येथे नासपती आणि पीच यांना नुकता बहर येत होता. उंचीमुळे ऋतू मागे रेंगाळतो, हे कवीने अचूक टिपले आहे.

विहाराच्या भिंतीवर त्यांना पूर्वी येऊन गेलेल्या तिघांची नावे आढळली. ते येऊन गेल्यास जवळजवळ २० वर्षे झाली होती. राजमार्गापासून हे स्थळ अर्ध्या दिवसाच्याही अंतरावर नाही, तरी इतक्या वर्षांत कोणी फिरकले नाही. कीर्ती आणि लाभ यांची ओढ माणसाला अशी बांधून ठेवते, असे बाइ ज्युयी खेदाने नोंदवितात. हा टोमणा ते स्वतःच्या वर्गालाच मारीत होते.

आधुनिक काळ

याच दालिन विहारात १९२४ साली चिनी आणि जपानी बौद्धांची परिषद भरली. तिचे प्रवर्तक होते ताइश्यू (१८९० ते १९४७). चीनमधील विहार प्रेतसंस्कार आणि भुताखेतांच्या शांतीविधीत अडकून पडले आहेत, अशी त्यांची टीका होती. धम्म हा जिवंत माणसांसाठी आहे, असे सांगून त्यांनी 'मानवी जीवनाचा बुद्धधर्म' मांडला आणि सिद्धांत, संघव्यवस्था व विहारांची मालमत्ता या तिन्हींत क्रांतिकारक सुधारणा मागितली. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारलेला प्रश्न आपल्या वाचकांस परिचित आहे : भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण मानव व्हावा की समाजसेवक? दोघांत प्रत्यक्ष देवाणघेवाण झाली, असे आम्ही सुचवीत नाही. परंतु आशियाच्या दोन टोकांस, एकाच शतकात, हा एकच प्रश्न ऐरणीवर आला, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

लूशानने सत्तेचा कठोर चेहराही पाहिला. १९५९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या बैठका तेथे झाल्या. 'मोठ्या झेपे'च्या धोरणातील दोष संरक्षणमंत्री पंग दहुआई यांनी माओ यांना पत्राने कळविले. त्यांना पद गमवावे लागले, धोरण पुढे चालू राहिले आणि भीषण दुष्काळात कोट्यवधी माणसे मृत्यू पावली. ज्या पर्वतावर राजापुढे न वाकण्याचा निबंध लिहिला गेला, तेथेच खरे बोलणाऱ्यास शिक्षा झाली. स्थळ पवित्र असल्याने माणसे न्यायी होत नाहीत, हे येथे दिसते.

आपल्यासाठी बोध

या दोन्ही सहली शिक्षित पुरुषांच्या होत्या. बाइ ज्युयी यांच्या यादीत एकही स्त्री नाही. कोणी ओझी वाहिली असतील, स्वयंपाक केला असेल, तर त्यांची नावे कोठेही नाहीत. ज्यांच्या पूर्वजांची नावे इतिहासाने लिहिली नाहीत, त्या आपल्या वाचकांच्या नजरेतून ही उणीव सुटणार नाही, सुटूही नये.

तरीही या सहलींत घेण्याजोगे पुष्कळ आहे. संयुत्तनिकायात आनंद कल्याणमित्रतेस अर्धे ब्रह्मचर्य म्हणतात आणि भगवंत त्यांना दुरुस्त करून सांगतात की, ते संपूर्ण ब्रह्मचर्य आहे. कड्यावर एकमेकांना हात देत चढणारी तीस माणसे आणि एका विहारात रात्र काढणारे सतरा मित्र हे त्या वचनाचे उदाहरण आहे. त्यांनी पर्वताकडे काही मागितले नाही. त्यांनी पाहिले, विचार केला, चर्चा केली आणि लिहून ठेवले. लिहिले म्हणूनच ते आज आपल्यापर्यंत पोहोचले.

लूशानच्या साधकांना गृध्रकूट अप्राप्य वाटत होता. आपल्याला तो रेल्वेच्या एका प्रवासाइतका जवळ आहे. कान्हेरी, कार्ले, भाजे, जुन्नर येथील लेणी तर अनेकांच्या घरापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरावर आहेत. सुट्टीच्या दिवशी तेथे जाणारे तरुण आता वाढत आहेत, ही समाधानाची बाब आहे. त्यांनी जाताना लेण्यांतील दानलेखांचे वाचन करून जावे, बरोबर घरातील माताभगिनींनाही न्यावे, कड्याची पूजा करण्याऐवजी कोरणाऱ्याच्या छिन्नीच्या खुणा पाहाव्यात आणि परतल्यावर चार ओळी लिहून ठेवाव्यात, एवढीच आमची अपेक्षा आहे. लिहिताना सोबत आलेल्या प्रत्येकाचे नाव नोंदवावे. डबा करणाऱ्याचे आणि गाडी चालविणाऱ्याचेही.